सा. न. वि. वि. पासून पन्नास केबीपर्यंत

२०१६ च्या जून महिन्यातली गोष्ट. बहारीनमध्ये रात्रीचे साडेआठ झाले होते, म्हणजे महाराष्ट्रात अकरा. गुदैबियातल्या आमच्या इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरमधून दूध घेऊन मी जिना चढत होतो, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. इतक्या उशिरा गावाकडचा फोन म्हटला की पोटात धस्स होते, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. सुदैवाने तसे काही नव्हते. ती अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती.

"दादा, मी गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी आहे. इथेच काय ती रेंज येते. एकतीस मुलांची माहिती फोटोसकट चढवायची आहे. एक फोटो चढायला दहा मिनिटे लागतात आणि शेवटी 'फाईल मोठी आहे' असे येते. उद्या शेवटची तारीख आहे. तू आयुष्यभर हेच केलेस ना? मग सांग काहीतरी."

मेव्हणे शेजारी मोटारसायकलचा दिवा लावून उभे होते. मी दुधाची पिशवी जिन्यातच ठेवली आणि कागद-पेन्सिल शोधू लागलो.

त्या रात्री काय केले ते पुढे सांगतोच. पण त्यानंतर कितीतरी दिवस एक विचार डोक्यात घोळत राहिला. अरुंद वाटेने जास्त मजकूर कसा न्यायचा, हा प्रश्न मोबाईलबरोबर जन्मलेला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो सोडवला होता, आणि तोही पुष्कळदा आपल्यापेक्षा शहाणपणाने. त्याचाच हा थोडा इतिहास.

* * *

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी आंतरदेशीय पत्रे लिहिली आहेत त्यांना "शि. सा. न. वि. वि." ही अक्षरे सांगायला नकोत. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्राच्या निळ्या कागदावर जागा मोजकी, म्हणून एवढा मोठा नमस्कार पाच अक्षरांत बसवला. वाचणाऱ्याने तो पुन्हा पूर्ण उलगडायचा. त्यातले काहीही हरवत नाही. ती., चि., सौ., मु. पो., ता., जि. ही सगळी त्याच कुळातली. आपला सातबारासुद्धा तसाच. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तीत पीक कोणते. दोन लांबलचक नोंदवह्यांचे नाव दोन आकड्यांवर आले.

मोडी लिपीची गोष्ट थोडी निराळी. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून मोडीने ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून दिला. हा भेद कागदावरून खरोखरच गेला; वाचणारा संदर्भाने तो भरून काढतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकांना त्यासाठीच मोडीबरोबर त्या काळाची भाषाही शिकावी लागते.

संगणकशास्त्रात फाईल लहान करण्याचे जे दोन मुख्य मार्ग सांगतात ते हेच. एक 'सा. न. वि. वि.'चा: आखडून पाठवा, पलीकडे जसेच्या तसे उलगडा. दुसरा मोडीचा: ज्याच्यावाचून अडणार नाही ते टाकून द्या. पहिल्यात दोन्ही टोकांना एकच किल्ली लागते. दुसऱ्यात काय टाकायचे ते कुणीतरी ठरवावे लागते, आणि ते कोण ठरवतो यावर सगळे अवलंबून असते.

* * *

आखाताशी तारेचा संबंध १८६४ सालचा. त्या वर्षी ग्वादरहून मुसंदम आणि बुशहरमार्गे फाओपर्यंत समुद्रातून तार टाकली गेली आणि हिंदुस्थान तारेने युरोपशी जोडला जाण्याची वाट मोकळी झाली. बहारीन त्या तारेवर नव्हते. इथे १८८४ साली टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची, बुशहरच्या कचेरीच्या हाताखाली. पत्रांवर हिंदुस्थानची तिकिटे लागत. त्यांच्यावर 'बहारीन' असा ठसा उमटला तो १९३३ पासून. इथले मोती मुंबईच्या बाजारात जात आणि मुंबईहून बसऱ्याकडे जाणाऱ्या बोटींतून तांदूळ, कापड आणि टपाल इकडे येई. इथे रुपया चालत होता तो १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत.

तारेला शब्दावर पैसे पडत. त्यामुळे व्यापाऱ्यांनी सांकेतिक कोश तयार केले. १८७३ सालचा 'एबीसी' कोश आणि १९०६ सालचा बेंटलेचा कोश जगभर चालले. अख्ख्या वाक्याला एकच शब्द असे. माल पोहोचला, भाव पडला, बोट लांबली, असे प्रत्येक वाक्य पुस्तकात शोधायचे आणि त्यापुढचा विचित्र शब्द तारेत घालायचा. पलीकडच्या पेढीवर तेच पुस्तक असले की काम झाले.

आपल्याकडे तार खात्याने हीच युक्ती सामान्य माणसाच्या हातात दिली. शुभेच्छांच्या तारेत फक्त आकडा लिहायचा. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, ८ म्हणजे दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. लग्नघरी तारांचा गठ्ठा येई आणि बहुतेकांत आठचाच मजकूर असे, पण त्याचे कुणाला काही वाटत नसे. पाठवणाऱ्याने आठवण ठेवली हे कळत होते, आणि सांगायचे तेवढेच होते.

तारेची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. मी १९८७ साली बहारीनला आलो. १९८९ च्या पावसाळ्यात ऑफिसात माझ्या नावाने चार इंग्रजी शब्दांची तार आली: "फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली." त्या चार शब्दांत बाबा गेल्याचे कुठेही लिहिलेले नव्हते. पण माझ्या खोलीतल्या दोघा सोबत्यांनी तार वाचली आणि काही न बोलता माझी बॅग भरायला घेतली. त्या काळात 'सीरियस'चा अर्थ काय, हे प्रत्येकाला माहीत होते. तोही एक कोश होता. फक्त तो छापलेला नव्हता. २०१३ च्या जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली, तेव्हा मला त्या चार शब्दांची आठवण झाली.

* * *

मी ज्या कंपनीत लागलो तिथे तेव्हा टेलेक्सचे राज्य होते. टेलेक्सचा वेग मिनिटाला सुमारे चारशे अक्षरे, आणि पैसे मिनिटावर. म्हणून लाईन जोडून टाईप करत बसणे हा गुन्हा समजला जाई. आधी मशीनवर कागदी पट्टी भोके पाडून तयार करायची, चुका दुरुस्त करायच्या, मग लाईन जोडायची आणि पट्टी पूर्ण वेगाने सोडून द्यायची. आज ज्याला 'ऑफलाईन भरा, रेंज आली की पाठवा' म्हणतात ते हेच. आमचे टेलेक्स ऑपरेटर ही पट्टी बोटांनी चाचपून वाचत.

मग संगणक आले, मोडेम आले, आणि मी हिशेब-संगणक विभागाचा प्रमुख झालो. इथे एक कबुली द्यायची आहे.

१९९३ साली शाखांकडून मालाचा साठा दर आठवड्याला मागवण्यासाठी मी एक तक्ता तयार केला. त्यात साठ रकाने होते. कधीतरी लागेल म्हणून मी सगळेच मागवले. ओमानमध्ये सलालाला आमची छोटी शाखा होती. तिथला मल्याळी कारकून २४०० च्या मोडेमवरून तो तक्ता पाठवी. सुमारे चारशे वस्तू, साठ रकाने, प्रत्येक रकान्याला दहा अक्षरांची जागा. जागा रिकामी असली तरी रिकामी जागासुद्धा अक्षर म्हणूनच प्रवास करी. एकूण दोन लाख चाळीस हजार अक्षरे. सेकंदाला दोनशे चाळीस अक्षरांनी हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे. आणि ती लाईन दहा-बारा मिनिटांच्या वर टिकत नसे. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. रात्री लाईन बरी मिळते म्हणून तो दर गुरुवारी घरी न जाता ऑफिसात बसे. त्याने दोनदा तक्रार केली. मी त्याला "पुन्हा प्रयत्न कर" असे कळवले.

पुढे तो कामासाठी बहारीनला आला तेव्हा मी त्याला गुदैबियातल्या घरी जेवायला बोलावले. जेवताना त्याने सहज विचारले, "साब, साठ में से आप देखते कितना है?" मी दुसऱ्या दिवशी मोजले. नऊ. नऊ रकाने मागवले असते तर सगळे काम अडीच मिनिटांत झाले असते. त्याच्या किती गुरुवारच्या रात्री मी वाया घालवल्या याचा हिशेब मी केला नाही. करायचे धाडस झाले नाही.

तक्ता मी बदलला. पण मला उशिरा कळलेली गोष्ट ही: तारेच्या काळात मजकूर लिहिणारा आणि पैसे देणारा एकच होता, म्हणून तो शब्द मोजत होता. माझ्या तक्त्यात मागणारा मी, जलद टोकाला बसलेला. आणि भरणारा तो, मंद टोकाला. मला साठ रकान्यांचे काहीच मोजावे लागत नव्हते.

* * *

आता आपल्या मराठीकडे येऊ. बहारीनमध्ये १९९५ साली इंटरनेट आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात ते सर्वांसाठी खुले केले. मोडेमची ती कर्कश शीळ ऐकत आम्ही पहिली पत्रे पाठवली ती इंग्रजीत. मराठीचा घोळ वेगळाच होता. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ ची. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण जाहीर झाले. त्यात एका अक्षरचिन्हाला एक बाईट. परंतु प्रत्येक फाँटवाल्याने आपापली मांडणी केली होती. एकाच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर नुसता चिन्हांचा गोंधळ दिसे.

म्हणून आम्ही काय केले? १९९८ साली अंकाची पाने पुण्याला पाठवायची होती, तेव्हा पाने छापून, स्कॅन करून चित्र म्हणून पाठवली. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला तीनशे ठिपके धरून काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले तर सुमारे सत्त्याऐंशी लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरले तरी एक एमबीच्या वर. त्याच पानावरचा मजकूर इस्कीमध्ये तीन-चार केबी. शब्दाचे चित्र केले की तो असा शेकडो पटींनी फुगतो. ही चूक आजही सर्रास होते: टाईप केलेला अर्ज छापायचा, सही करायची, रंगीत स्कॅन करायचा आणि चढवायचा.

युनिकोडने फाँटचा गोंधळ मिटवला. त्याची किंमत थोडी होती. 'नमस्कार' या शब्दात सात चिन्हे आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. इस्कीत सात बाईट. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये एकवीस, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात. मोबाईलच्या एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावत, मराठी फक्त ७०. दोन संदेशांचे पैसे पडू नयेत म्हणून आपण मराठी रोमन लिपीत लिहू लागलो आणि 'ळ' व 'ल', 'ण' व 'न' यांतला फरक टाकून दिला. पुन्हा मोडीचाच मार्ग. पण या वेळी काय टाकायचे ते आपण ठरवले नव्हते, दरपत्रकाने ठरवले.

तरी मराठी मजकूर फार जड असतो असे कुणी समजू नये. त्या तीन बाईटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसऱ्याचे दोनच प्रकार. लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी १९७७-७८ मध्ये मांडलेली आणि पुढे 'झिप'मध्ये आलेली पद्धत असली पुनरुक्ती चटकन ओळखते व गाळते. मोठ्या मजकुरातला हा फुगवटा त्यामुळे बराचसा उतरतो. जड असतात ते फोटो.

* * *

फोटो लहान करण्याच्या विद्येत एका भारतीयाचे नाव आहे आणि ते आपल्या मुलांना माहीत असायला हवे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी वाटली, असे कारण ते सांगतात. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये जेपेग हे प्रमाण ठरले त्याच्या गाभ्याशी हीच पद्धत आहे. चित्राचे आठ-बाय-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारा भाग आणि बारीक तपशील वेगळे करायचे. माणसाचा डोळा बारीक तपशिलाला तितका तीक्ष्ण नसतो, म्हणून त्यातला बराचसा टाकून द्यायचा.

आता टाकीपाशी उभ्या असलेल्या बहिणीकडे येतो. तिच्या फोनमधला एक फोटो सुमारे तीन एमबीचा, ऐंशी लाख ठिपक्यांचा. तिथली टूजीची लाईन सेकंदाला पाच केबी देत होती असे धरले, तर एका फोटोला दहा मिनिटे, एकतीस फोटोंना पाच तासांच्या वर, तेही लाईन एकदाही न तुटता. त्यात संकेतस्थळाची मर्यादा पन्नास केबीची, आणि फाईल मोठी आहे हे ते सांगे ती पूर्ण पोहोचल्यावर. पन्नास केबीला दहा सेकंद. सगळ्या वर्गाला पाच-सहा मिनिटे.

मी प्रथम तिला दर्जा कमी करायला सांगितले. ती म्हणाली, "दादा, चेहऱ्यावर चौकटी-चौकटी आल्या." माझीच चूक होती. ऐंशी लाख ठिपके ठेवून पन्नास केबीत बसवायचे तर प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला काहीच उरत नाही. आधी फोटो कापून फक्त चेहरा-खांदे ठेवायचे, मग ठिपक्यांची संख्या उतरवायची, दर्जाला हात सर्वांत शेवटी. तसे केल्यावर रात्री एकपर्यंत तेवीस फोटो चढले. सात राहिले. ते शाळेपुढच्या आंब्याखाली काढले होते. मागे नुसती पाने. पानाचे प्रत्येक टोक म्हणजे बारीक तपशील, आणि त्यातच सगळे बाईट खर्च होत होते.

सकाळी तिने स्वतःच उपाय काढला. घरची पांढरी चादर शाळेच्या भिंतीवर टांगली आणि सातही मुलांना तिच्यापुढे उभे केले. मागे सपाट पांढरे. चादरीला बाईट लागेनात, सगळे चेहऱ्याला मिळाले. "पानांचा हिशेब कुणाला हवाय?" ती म्हणाली. मी तीस वर्षे संगणकात घालवली, पण हे मला सुचले नव्हते.

तीस मुले झाली. एकतिसावी मुलगी त्या दिवशी आईबरोबर आजोळी गेली होती. तिचा फोटो नव्हता. नाव होते, जन्मतारीख होती, आईचे नाव होते. सगळे मिळून दोन-अडीचशे बाईट, एका फोटोच्या दोनशेव्या हिश्श्याइतके. पण फोटोवाचून अर्ज पुढे सरकत नव्हता. तिची नोंद पुढच्या वर्षी झाली. त्या वर्षीच्या यादीत ती नव्हती, आणि वर्गात मात्र रोज पहिल्या रांगेत बसत होती.

ही हकीकत ऐकली तेव्हा मला सलालाचा कारकून आठवला. फोटोचा रकाना सक्तीचा करणारा जो कुणी असेल, तो वाईट माणूस नसणार. तो माझ्यासारखाच जलद टोकाला बसला असणार.

* * *

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्याही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. सातबाऱ्यातल्या त्या बारा नंबरच्या नमुन्यात पीक कोणते हे आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवर फोटोसह नोंदवू शकतो. शेतात रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. आमच्या टेलेक्सची कागदी पट्टीच ती! २०२७ ची जनगणनाही मोबाईलवरून होणार असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. तिथे एक जादा रकाना म्हणजे कोट्यवधी वेळा भरायचा रकाना.

इतक्या दूर कशाला, आपल्या मंडळाकडे पाहू. गेल्या वर्षी नव्या सभासदांसाठी संगणकावरचा अर्ज आला. घरातल्या प्रत्येकाचा फोटो आणि पासपोर्टची रंगीत प्रत त्यात मागितली होती. माझ्या घरी फायबर आहे; मला दोन मिनिटे लागली. पण कामगार वसाहतीत राहणारा, फोनमध्ये दोन दिनारचा डेटा भरून महिना काढणारा आपलाच एखादा मुलगा तो अर्ज भरायला बसला, तर त्याचा निम्मा डेटा कशात जाईल? आणि त्या प्रती उघडून पाहिल्या किती जणांनी?

कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे. अर्ज बनवणाऱ्याने तो एकदा मंद लाईनवर, स्वतःच्या पैशाने भरून पाहावा. जे वाचणार नाही ते मागू नये. जे शब्दांत येते त्याचे चित्र मागू नये. फोटो लागणारच असेल तर तो पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच लहान होईल अशी सोय करावी, आणि एखादी गोष्ट नसली तरी बाकीचा अर्ज पुढे जावा. फाईल लहान करण्याच्या साऱ्या विद्या मी शिकलो, पण सर्वांत लहान फाईल म्हणजे न मागितलेली फाईल, हे मला सलालाच्या कारकुनाने शिकवले.

बहीण आता निवृत्त झाली. ती चादर अजून तिच्याकडे आहे. पुढची चार-पाच वर्षे दर जूनला ती भिंतीवर टांगली जात होती, आणि टांगण्याआधी आजोळी गेलेल्यांना निरोप धाडला जाई.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.